३०० वॉटच्या सबवूफरला अ‍ॅम्प किती वॉटचा लावावा?

रानवाटा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. वडिलांची जुनी हॅचबॅक आता माझ्याकडे आली आहे. कामासाठी आठवड्यातून दोनदा धुळ्याला जाणंयेणं असतं. वाटेत ऐकतो ती नाट्यपदं, अभंग, थोड्या लावण्या. दारातल्या मूळ स्पीकरवर तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्गा जवळजवळ नाहीच. म्हणून चार महिने पैसे बाजूला टाकून १२ इंची सबवूफर घेतला. खोक्यावर लिहिलंय: १२०० वॉट मॅक्स, ३०० वॉट आरएमएस, डबल व्हॉइस कॉइल, ४+४ ओहम.

आता अ‍ॅम्पपाशी गाडी अडली आहे. पहिला दुकानदार म्हणतो, चार चॅनलचा २००० वॉटचा घ्या. दुसरा म्हणतो, अ‍ॅम्प नेहमी वूफरपेक्षा लहान असावा, १५० चा बसवा, वूफर जन्मात उडणार नाही. कोल्हापूरचा मामेभाऊ म्हणतो, डबल पॉवर दे, ६०० च्या खाली बघूच नको. तिघंही अगदी खात्रीने सांगतात. खरं काय धरायचं?

ओहमकार | शनिवार, रात्री १०:०५

आधी तो १२०० चा आकडा विसरा. मॅक्स म्हणजे क्षणभर सोसेल असा दावा, आणि तो कसा काढला ते खोक्यावर कुठेच नसतं. कामाचा आकडा ३०० आरएमएस, म्हणजे वूफर सतत सोसेल ती पॉवर. अ‍ॅम्पचाही आरएमएस आकडाच बघायचा, आणि तोही तुमच्या वूफरच्या ओहमला (म्हणजे त्याच्या विद्युत विरोधाला) किती मिळतो ते. ही दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तुमच्या वूफरमध्ये ४ ओहमच्या दोन कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी) आहेत. दोन्ही पॅरलल जोडल्या तर अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात, सिरीज जोडल्या तर ८. एकाच वूफरचे ४ ओहम काही केल्या होत नाहीत. समजा एखादा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अ‍ॅम्प, ४ ओहमला २०० आणि २ ओहमला ३५० वॉट देतो. तुमच्यासाठी तो ३५० चा अ‍ॅम्प आहे. हाच अ‍ॅम्प ८ ओहमला जोडलात तर साधारण १०० वर येईल, आणि तुम्ही म्हणाल वूफरच भिकार निघाला.

थोडक्यात, २ ओहमला ३०० ते ३५० आरएमएस देणारा, क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचा) मोनोब्लॉक.

सह्यकडा | शनिवार, रात्री १०:११

ओहमकारांचं नाव या धाग्यासाठीच ठेवलेलं दिसतंय. आधी ओहम, मग शांती!

कोल्हापुरी_दणका | शनिवार, रात्री ११:३०

मामेभावाची बाजू मी घेतो. नऊ वर्षं डॉल्बीच्या सेटवर काम केलंय. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मिरवणुकीतल्या मोठ्या साउंडला सरसकट डॉल्बीच म्हणतात.) आमचा नियम साधा. स्पीकर ५०० आरएमएस असेल तर अ‍ॅम्प ८०० ते १००० चा. संगीत म्हणजे सलग सूर नव्हे. ढोलाचा टोला क्षणभर उसळतो आणि खाली येतो. सरासरी पॉवर कमी असते, टोल्याला मात्र भरपूर लागते. अ‍ॅम्प तोकडा असेल तर टोला कापला जातो आणि घाण आवाज येतो. लहान अ‍ॅम्पवर ताणलेले स्पीकर जळालेले मी जास्त बघितलेत, मोठ्या अ‍ॅम्पवरचे कमी.

१५० वाला सल्ला सगळ्यात वाईट. तो ऐकू नका.

ओहमकार | रविवार, सकाळी ८:२०

दणका, तुमचं म्हणणं तुमच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. पण तुमच्याकडे लिमिटर (ठरावीक पातळीवर सिग्नल रोखणारं यंत्र) असतो, आणि मिक्सरवर हात ठेवून बसलेला कान तयार झालेला माणूस असतो. गाडीत लिमिटर बहुधा नसतोच. आणि भाचा मागे बसला की पहिला हात जातो तो बेस बूस्टच्या बटणाला. १२ डीबी (डेसिबल) बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात सुमारे सोळापट पॉवरची मागणी. अशा वेळी ६०० चा अ‍ॅम्प तेवढं द्यायला निघतो आणि ३०० ची कॉइल भाजते.

आता कापला जाणारा टोला. अ‍ॅम्पची ताकद संपली की लाटेचा माथा सपाट होतो. कळसूबाईचं शिखर कापून पाचगणीचं टेबललँड करावं तसं. हेच क्लिपिंग. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे १५० चा अ‍ॅम्प अगदी पिळून काढला तर वूफरकडे ३०० च्या आसपास जाऊ शकतात. ३०० चा वूफर ते सोसेलही. म्हणून 'कमी पॉवरने वूफर जळतो' हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. कमी पॉवरने काहीही जळत नाही, नुसता आवाज कमी येतो. जळतं ते माणूस कमी आवाज भरून काढायला गेन आणि बूस्ट पिळतो तेव्हा, आणि कॉइलला तिच्या क्षमतेपेक्षा जास्त उष्णता मिळते तेव्हा. ती उष्णता स्वच्छ सिग्नलमधून आली की कापलेल्या, हे कॉइलला कळत नाही.

कोल्हापुरी_दणका | रविवार, सकाळी ९:०२

बटणाला हात जातो हे मान्य. मग गाडीसाठी बरोबरीला बरोबरी, थोडा वरचढ. पण १५० नको ते नकोच.

सुरपेटी | रविवार, सकाळी १०:१५

माझा प्रश्न कदाचित अगदी प्राथमिक असेल. आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा रेडिओ आहे, त्याची पॉवर काही वॉटच असेल. त्यावर भीमसेनजी सगळ्या घरभर ऐकू येतात. मग एका डग्ग्यासाठी ३०० वॉट कशाला?

खर्ज | रविवार, दुपारी १२:४०

सुरपेटीताई, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की मधल्या पट्टीतला आवाज आपल्याला सहज ऐकू येतो, पण खालचे सूर तेवढेच मोठे भासायला प्रत्यक्षात कितीतरी जास्त दाब लागतो. गळा त्या सोयीच्या पट्ट्यात येतो, डग्ग्याचा घुमारा खाली. शिवाय खालच्या सुराला हवा जास्त हलवावी लागते, आणि रेडिओच्या तळहाताएवढ्या स्पीकरला ते झेपत नाही. त्यात चालत्या गाडीत टायरची घरघर नेमकी खालच्याच सुरांवर येऊन बसते.

याच धाग्याला धरून आणखी एक. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डीबी. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ३०० आणि ३५० मधला फरक एक डीबीसुद्धा नाही. त्यामुळे दुकानात '३२० चा की ३५० चा' यावर तासभर घालवू नका. त्या पैशात वायर चांगली घ्या.

वायरमनकाका | रविवार, दुपारी ४:१०

शेवटच्या वाक्याला माझा दंडवत.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने एका दुकानातून सिस्टीम बसवून घेतली. अ‍ॅम्प चांगला, वूफर चांगला. तरी मोठ्या आवाजाला अ‍ॅम्प बंद पडायचा. मी मीटर लावला. बॉनेटखाली १४.२ व्होल्ट, डिकीत अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर टोला पडला की १२ च्याही खाली. वायर वरून अंगठ्याएवढी जाड. सोलून बघितली तर आत बहुतेक प्लास्टिकच, मधे चार धागे, तेही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे. आणि बॉडी अर्थचा स्क्रू रंगावरच पिळलेला, खालचा पत्रा घासलेलाच नाही.

हिशेब सोपा आहे. ३५० वॉट, क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरा, गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट. भागाकार केला की सुमारे ३२ अँपिअर. पाच मीटरसाठी १६ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची वायर घ्या. फुटाला दोन पैसे जास्त लागतील, लागू देत. अर्थची वायर तेवढीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत, पत्रा चकचकीत घासून. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, तो जीव वाचवायला आहे.

आणि फ्यूज बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत. हे मी हात जोडून सांगतो. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. वायर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून येते, तिथे घासली की बॅटरी थेट बॉडीला लागते, आणि अ‍ॅम्पवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. ओळखीतल्या एका गाडीत असाच धूर झाला. मुलं मागे बसली होती. पान्याने टर्मिनल काढायला वेळ मिळाला म्हणून निभावलं. पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

रानवाटा | रविवार, रात्री ८:५५

काका, मनापासून धन्यवाद. ग्रोमेट आणि फ्यूज यादीत सगळ्यात वर लिहिलं.

आज त्या २००० वॉटच्या अ‍ॅम्पचं माहितीपत्रक मागून घेतलं. बारीक अक्षरात लिहिलंय: ४ × ६० वॉट आरएमएस ४ ओहमला, ब्रिज केल्यावर (म्हणजे दोन चॅनल जोडून एक केल्यावर) २ × १५० वॉट ४ ओहमला. क्लास एबी. मागे २० अँपिअरचे दोन फ्यूज. दुकानदार म्हणाला, कागदावर लक्ष देऊ नका, वाजवून बघा.

ओहमकार | रविवार, रात्री ९:३०

तो कागदच खरं बोलतोय! फ्यूजचं गणित करू. ४० अँपिअर गुणिले १३.८ म्हणजे ५५२ वॉट, आणि हे आत जाणारे. क्लास एबीत त्यातले निम्म्याहून थोडे जास्त आवाजाकडे जातात, बाकीच्यांची उष्णता होते. हाती उरले ३०० च्या आसपास. २००० वॉट सतत द्यायचे तर ते फ्यूज केव्हाच उडतील. दुकानात कुठलाही अ‍ॅम्प हातात घेतला की उलटा करून फ्यूज बघा, आकडा खरा की फुगवलेला ते लगेच समजतं. सीईए-२००६ हे मानक पाळणाऱ्या अ‍ॅम्पवर आकडा १४.४ व्होल्टला, ४ ओहमला आणि एक टक्क्याच्या आतल्या विकृतीला मोजलेला असतो. तसा शिक्का असला तर उत्तमच.

आणि हा अ‍ॅम्प ब्रिज करून २ ओहमला जोडू नका. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे २ चे १. प्रोटेक्शनचा लाल दिवा लागेल, नाहीतर धूर निघेल.

मिस्त्री_बुधवारपेठ | रविवार, रात्री १०:४५

ओहमकार, एक वाट राहिली. दोन कॉइल आहेत ना? चॅनल १-२ ब्रिज करून एक कॉइल, ३-४ ब्रिज करून दुसरी. प्रत्येक जोडीला ४ ओहमच दिसतात. १५० अधिक १५०, झाले बरोब्बर ३००. फक्त दोन्हीकडे सिग्नल तोच हवा, गेन तंतोतंत सारखा हवा आणि प्लस-मायनस उलटंसुलटं होता कामा नये. एक कॉइल उलटी लागली की दोन्ही एकमेकींना धरून बसतात, कोन (वूफरचा पडदा) हलतच नाही.

ओहमकार | रविवार, रात्री ११:००

मान गये मिस्त्री. हे मला सुचायला हवं होतं.

खर्ज | सोमवार, सकाळी ७:३०

वाट सुंदर आहे, पण मग दारातल्या स्पीकरना चॅनल उरत नाही, आणि क्लास एबी उन्हाळ्यात डिकीत तापणार. धुळ्याचा मे महिना आहे तो. मी मोनोब्लॉकच घेईन.

वूफर ज्यात बसवायचा त्या पेटीबद्दल अजून कोणी बोललंच नाही. ३०० वॉट ही कॉइल किती उष्णता सोसेल याची मर्यादा. कोन किती पुढेमागे जाऊ शकतो ही मर्यादा वेगळी, आणि ती पेटीवर ठरते. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी कोनाला आवरते. पोर्टच्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) पेटीत ज्या सुराला पोर्ट जुळवलाय त्याच्याखाली हा आवर सुटतो. तिथे १५० वॉटनेही कोन आपटू शकतो, म्हणून पोर्ट असेल तर अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) हवाच. ऐकायचं डग्गा आणि पखवाज आहे, तेव्हा बंद पेटी घ्या. वूफरच्या कागदावर किती लिटर सांगितलंय तेवढीच. थाप कशी आटोपशीर येते बघा.

निवांत_गल्ली | सोमवार, सकाळी ९:५०

सगळं वाचून आनंद झाला, पण एक कळकळीची विनंती. आमच्या गल्लीत रात्री अकराला एक गाडी येते आणि काचा थरथरतात. माझी आई ८२ वर्षांची आहे, दचकून उठते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. खालचा सूर भिंतीतून आरपार जातो. गल्लीत शिरताना बेस बंद करा एवढंच.

रानवाटा | सोमवार, सकाळी १०:२०

अगदी पटलं. बेसचा वेगळा रिमोट नॉब ड्रायव्हरजवळ बसवून घेईन, गल्लीच्या तोंडाशी शून्यावर. आईंना नमस्कार सांगा.

मिस्त्री_बुधवारपेठ | सोमवार, दुपारी १:१५

गेन कसा लावायचा ते सांगून ठेवतो, कारण जुळवाजुळव खरी तिथे होते. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून २ व्होल्ट येतात की ४, त्याप्रमाणे अ‍ॅम्पचा कान लावायचा असतो. ३५० चा अ‍ॅम्प ३०० वर कसा ठेवायचा, तर असा.

इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, लाउडनेस बंद. वूफरच्या वायरी काढून ठेवा. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा टोन टाका. ब्लूटूथवरून नको, फोनचा आवाज मधे येतो. स्टिरिओ तीन चतुर्थांशावर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. ३०० गुणिले २ ओहम म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५. मीटरवर २४.५ व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. घरच्या विजेचे ५० हर्ट्झ असल्याने साधा मीटरही इथे बरोबर दाखवतो.

गंमत म्हणजे दोन कॉइल वेगळ्या जोडल्या असत्या तरी १५० गुणिले ४ म्हणजे ६००च. तोच आकडा.

कोल्हापुरी_दणका | सोमवार, दुपारी २:००

पूर्ण पातळीला रेकॉर्ड केलेल्या टोनवर लावलं तर जुन्या नाट्यपदांना आवाज पुरणार नाही. ती रेकॉर्डिंग हळू आवाजाची आहेत. ५ डीबी खालचा टोन घेऊन लावा.

मिस्त्री_बुधवारपेठ | सोमवार, दुपारी २:२०

हरकत नाही, पण मग नवी रिमिक्स गाणी लावताना आवाज खाली घ्यायचा हे लक्षात ठेवा. कॉइल तापली की डिकीतून वार्निश करपल्यासारखा वास येतो. तो आला की तत्काळ बंद.

खर्ज | सोमवार, दुपारी ३:०५

पेटीत वूफरचा ओहम सुरासुराला बदलतो, काही ठिकाणी बराच चढतो. म्हणजे मीटरवर ३०० लावले तरी कॉइलला प्रत्यक्षात बहुतेक वेळ कमीच जातात. म्हणून ५ डीबीची सूट मला चालेल.

रानवाटा | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:३०

मंडळी, झालं एकदाचं. २ ओहमला ३५० आरएमएसचा मोनोब्लॉक, मागचा फ्यूज ४० अँपिअरचा बघूनच घेतला. बंद पेटी, १६ चौरस मिलिमीटर तांबं, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, ग्रोमेट स्वतःच्या हाताने बसवला. गेन ५ डीबी खालच्या टोनवर २४.५ व्होल्ट. बसवणारा मुलगा आधी म्हणत होता, "साहेब, कानानेच लावतो." मीटर बघितल्यावर त्याने पद्धत वहीत उतरवून घेतली.

काल वडिलांना पुढे बसवून त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. वाटेत अभंग लावला. पखवाजाची पहिली थाप पडली आणि ते बोलता बोलता थांबले. मग गिरणाऱ्यापर्यंत मांडीवर ठेका धरून होते. तरुणपणी भजनात ते स्वतः पखवाज वाजवायचे. परत येताना म्हणाले, "डाव्या हाताची पुडी ऐकू येते रे, कणीक लावल्यासारखी."

एकच अडचण. मोठी थाप आली की मागची नंबरप्लेट खडखडते.

वायरमनकाका | रविवार, सायंकाळी ७:१०

वाचून डोळे भरले बाळा. प्लेट काढ, दोन्ही स्क्रूंना रबरी वायसर घाल, आणि मागे कोपऱ्यांना फोमची पट्टी चिकटव. डिकीच्या झाकणाचं आतलं प्लास्टिकही दाबून बघ, पुढची खडखड तिथूनच येईल.